क्रेसेन्सियाची ओ

आमच्या गावात माणूस मेलं की त्याचं नाव त्याच्याबरोबर जात नाही. ते घरी परत येतं आणि हाक मारली की ओ देतं. कबरस्तानातून परतलेले लोक अंगणात हातपाय धुतात, मग घरातलं थोरलं माणूस उंबऱ्यात उभं राहून मयताच्या नावानं एकदा हाक मारतं. आतून ओ आली की सगळे आपापल्या घरी जातात. बाहेरगावचे पाहुणे पहिल्यांदा दचकतात. आम्हाला त्यात दचकण्यासारखं काही वाटत नाही. ओ आली नाही, तर मात्र आम्ही दचकू.

परत आलेलं नाव ओ देण्यापलीकडे काही करत नाही. ते जेवत नाही, बोलत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुढं गावात एखादं मूल जन्मलं आणि बाप्तिस्म्याला ते नाव त्याला दिलं, की घरातली ओ बंद होते. कुणी घेतलं नाही तर आवाज बारीक होत जातो आणि वर्षाच्या आत विझतो. याला इलाज नाही. मेरीचं तसं होत नाही. मेरी गावात भरपूर आहेत, तिथं अडचण वेगळीच: गेलेल्या मेरीला हाक मारली की शेजारच्या दोन घरांतून जिवंत मेरी बाहेर येऊन 'काय झालं' विचारतात.

मी मिशनच्या शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर फादर लॉरेन्स यांनी मला चर्चच्या नाव समितीचा, म्हणजे मयतांच्या नावांना बाळं शोधणाऱ्या समितीचा, चिटणीस केलं. समितीत ते आणि मी दोघंच, कारण मीटिंगला तिसरं कुणी येत नाही. माझी बायको रेमेडिया गेली, तेव्हाही चिटणीस मीच होतो. तिचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी शेवटी मी स्वयंपाकघराच्या भिंतीला कान लावून ऐकायचो. नंतर भिंतच ऐकू यायची. तेव्हा या कामातलं मला थोडंफार कळतं, असं मी म्हणतो ते काही मिरवायला नाही.

आता क्रेसेन्सियाचं सांगतो.

हे नाव आमच्याकडे एका ऑस्ट्रियन फादरांनी आणलं. ते त्यांच्या आईचं नाव. मूळ लॅटिन, अर्थ 'वाढत जाणारी'. तिकडच्या डोंगराळ मुलखात एके काळी प्रत्येक गल्लीत एक तरी क्रेसेन्सिया असायची म्हणे. आमच्या गावात ते एकीलाच मिळालं. दुष्काळात जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी पोर होती, आणि ती जगेल असं तिच्या आईलाही वाटत नव्हतं. फादरांनी स्वतःच्या आईचं नाव देऊन टाकलं. ती पोर म्हातारी होऊन मेली, आणि मरेपर्यंत गावातली सगळ्यात उंच बाई तीच होती. क्रेसेन्सिया म्हणायला जिभेला पीळ पडायचा, म्हणून गावानं तिला क्रेसा केलं.

ती शांतवन त्रिभुवनची आजी. म्हातारी गेली आणि त्याच महिन्यात शांतवन-मार्थाला मुलगी झाली. नाव घरच्या घरी राहिलं. म्हातारीची खरखरीत ओ बंद झाली आणि काही दिवसांत पाळण्यातून हुंकार सुरू झाला. इतकं सुरळीत प्रकरण समितीकडे दुसरं आलेलं नाही.

शांतवन साखर कारखान्यात बॉयलरवर होता. ड्यूटी सुटली की सायकल फाटकाला लावायचा, चपला काढायचा आणि तिथूनच हाक मारायचा, "क्रेसाऽ!" पोरगी घरामागून पाण्याचा तांब्या घेऊन पळत यायची. निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. शांतवन उरलेलं निम्मं मोठ्या समाधानानं प्यायचा. हे मी रोज माझ्या ओट्यावरून पाहिलेलं आहे, कारण आमचं घर समोरच आहे.

पोरगी सहा वर्षांची असताना तापानं गेली. तालुक्याच्या दवाखान्यात नेली आणि परत आणली, एवढंच त्यात सांगण्यासारखं आहे. आमच्याकडे अंत्यविधीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, नावाचा अर्थ सांगण्याची पद्धत आहे. फादर म्हणाले, "क्रेसेन्सिया म्हणजे वाढत..." आणि त्यांनी चष्मा काढला. ते वाक्य कुणी पुरं केलं नाही.

कबरस्तानातून परतल्यावर हाक मारायचा मान बापाचा. शांतवन उंबऱ्यापाशी आला, तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिला. शेवटी मार्थानं हाक मारली. घरामागून ओ आली, पळता पळता दिलेली. शांतवन जागच्या जागी खाली बसला.

त्यानंतर त्यानं ते नाव कधी उच्चारलं नाही. मार्था मात्र रोज हाक मारायची. सकाळी चहा ठेवताना एकदा, दिवेलागणीला एकदा, आणि मधे आठवण आली की पुन्हा.

वर्ष भरत आलं तेव्हा ती माझ्याकडे आली.

"सर, पोरीचा आवाज वाढलाय."

"नावाचा आवाज वाढत नसतो, मार्थाबाई," मी म्हणालो. "बारीक होतो. नियम आहे तसा."

"मग नियमाला घिऊन या की घरी. त्याला बी ऐकवते."

मी फादरांना घेऊन गेलो. मार्थानं चुलीपुढून हाक मारली. ओ आली ती सहा वर्षांच्या पोरीची नव्हती. थोडी थोराड होती, हातातलं काम टाकून दिल्यासारखी. फादरांनी पुन्हा हाक मारायला लावली, पुन्हा तीच ओ आली.  परतताना ते म्हणाले, "सर, यात आपली काही चूक नाही. नावाचा अर्थच तो आहे."

आम्ही ठरवलं की प्रकरणात हात घालायचा नाही.

नाव वाढत गेलं. गावातल्या इतर पोरी जशा वाढल्या तसंच. दहाव्या वर्षी ओ गाण्यासारखी लांबवायची. तेराव्या-चौदाव्या वर्षी अशी तुटक, की मार्था चिडायची. "नीट ओ द्यायला काय झालं गं? तोंड दुखतं का?" ती भिंतीकडे बघून भांडायची, आणि भांडण झालं की दिवसभर खुशीत असायची. पुढं तर तिनं रस्त्यावरून हाक मारायचं सोडलं, कारण ओ ऐकून कारखान्याची पोरं मान वळवून बघायला लागली. "वयात आलेल्या पोरीला चारचौघांत हाका मारू नये," असं तिनं मला समजावून सांगितलं, आणि मला ते पटलं. मार्था सुखी होती, हे मी स्पष्ट सांगतो. गावातल्या कित्येक आयांपेक्षा ती लेकीशी जास्त बोलायची.

एकदाच ती माझ्याकडे रडली. "सर, ल्हानपणीचा आवाज आता आठवत न्हाई. तांब्या घिऊन पळत यायची तवाचा. रोजचा नवा ऐकते, जुना पुसून जातो. ह्यांना इचारलं, तुम्हाला आठवतो का, तर उठून भाईर गेले."

बाहेर म्हणजे पाटाच्या कडेला. शांतवन तिथं बसून विडी ओढायचा. मी एकदा त्याला म्हणालो, "एखादी हाक मार की. बरं वाटेल."

"तिची आई मारती ना," तो म्हणाला. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, सर." आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये यंदा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ओला कसा येतोय, ते सांगत बसला.

नाव अठरा-एकोणीस वर्षांचं झालं तेव्हा ओ उशिरा यायला लागली, आणि लांबून. आधी घरातून यायची, मग अंगणातून, मग पाटाच्या अलीकडून. एकदा मार्थानं हाक मारली आणि ओ येईपर्यंत भात शिजला. ती पदराला हात पुसत माझ्या ओट्यावर आली.

"सर, पोरगी मोठी झाली. तिचं ध्यान न्हाई आता घरात. एक दिवस जाईल निघून, आन मला कळायचं बी न्हाई कुठं गेली. त्यापरीस चांगलं घर बघून द्यावी म्हंते."

चांगलं घर म्हणजे बाळ. मी म्हणालो, बघू या.

मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम आहे. पण दिवस बदललेत. पहिल्याच घरी तरुण जोडपं होतं, मुलगी पंधरवड्यापूर्वी झालेली. नवऱ्यानं आमच्यासमोर मोबाईल काढला आणि नाव घातलं. हल्ली नावाचा अर्थ, उगम आणि लोकप्रियता मोबाईल सांगतो. अर्थ बरोबर निघाला. उगम लॅटिन, तोही बरोबर. लोकप्रियतेपुढं लिहिलं होतं, माहिती उपलब्ध नाही.

"म्हणजे कोणी ठेवतच नाही हे नाव," तो म्हणाला.

"ठेवत न्हाई कसं? रोज हाका मारते मी," मार्था म्हणाली. "तुझ्या मोबाईलला कुणी सांगितलं न्हाई म्हणून काय?"

त्यांनी पोरीचं नाव कियारा ठेवलं. दुसऱ्या घरी मायरा ठेवायचं आधीच ठरलं होतं. तिसऱ्या घरी सासूनं मार्थाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "आगं, पण ती गेलेली ना? मग वाढत जाणारी कसली?"  वाटेत मार्थानं मला विचारलं, "सर, लोकांना वाढलेली दिसत न्हाई म्हणून असं म्हणत्यात का?"

मी पुण्याला माझ्या सुनेलाही फोन केला. तिला दिवस होते. ती म्हणाली, "बाबा, नाव छान आहे, पण शाळेत स्पेलिंग कोण सांगत बसणार?" रेमेडियाच्या वेळीही तिचं म्हणणं हेच होतं. तेव्हा त्यांनी थोरलीचं आर्या ठेवलं. त्यांच्या सोसायटीत इतक्या आर्या आहेत, की खाली उभं राहून हाक मारली तर निम्मी खेळाची जागा रिकामी होते. मी फोन ठेवला.

मार्था रोज दिवेलागणीला हाक मारून पाटाकडे कान लावून उभी राहायची. ओ आता पाटापलीकडच्या उसातून यायची. आली की ती मटकन पायरीवर बसायची. मी माझ्या ओट्यावरून बघायचो आणि मलाही हायसं वाटायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला निकिता साळवे राहते. तिला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. पोर तालुक्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि तिचं वजन वाढायच्या ऐवजी उतरत होतं. निकिता दुपारी कपडे न्यायला घरी आली, तेव्हा मार्था तिला डबा द्यायला गेली. मी तिथंच होतो, निकिताच्या सासऱ्याची विचारपूस करायला आलेलो.

निकितानं डबा घेतला नाही. ती म्हणाली, "काकू, तुम्ही कसलं नाव घिऊन हिंडताय म्हणे?"

"क्रेसेन्सिया."

"अर्थ काय त्याचा?"

"वाढत जाणारी."

 निकिता म्हणाली, "मला द्या."

"मोबाईलवर बघत न्हाईस?"

"काय बघू काकू? डॉक्टर म्हणले, आजची रात्र जड हाय."

त्यानंतर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी फादरांना बोलावलं. निकिताच्या नवऱ्यानं जीप आणली. पण नाव घराबाहेर पडण्याआधी एक गोष्ट करावी लागते. घरातल्या प्रत्येकानं त्याला एकेक हाक मारायची असते, निरोपाची. ती चुकली तर नाव धड इथं राहत नाही, धड तिथं लागत नाही. त्रिभुवनांच्या घरात माणसं दोनच. शांतवन नुकताच कामावरून आला होता. त्याला काय ठरलंय ते मार्थानं सांगितलं. तो बरं म्हणाला.

आधी मार्थानं हाक मारली. तिनं ती अंगणातून मारली, पदर नीट करून, पाटाकडे तोंड करून. बराच वेळ काही आलं नाही. मग उसातून ओ आली. पुऱ्या वाढलेल्या बाईची, शांत, स्वच्छ. निघालेली पोरगी फाटकातून मागं वळून बघते, तशी. मार्थानं मान हलवली आणि म्हणाली, "जा बाई."

फादर पायरीवर बसलेल्या शांतवनकडे वळले.

"मला न्हाई जमायचं, फादर."

"नियम आहे, शांतवन."

"मी मारलीच न्हाई कधी. ह्या बारा-तेरा वर्षांत एकदा बी न्हाई. आता काय मारू?"

निकिता जीपजवळ उभी होती. तिच्या हातात पोरीसाठी विणलेलं टोपडं होतं, लिंबाएवढं. ती त्याच्याकडे बघत राहिली. शांतवनची नजर त्या टोपड्यावर गेली. तो उठला आणि चपला घालून, सायकल घेऊन फाटकाबाहेर गेला. आम्हाला वाटलं निघून चालला. पण त्यानं सायकल फाटकाला लावली, चपला काढल्या आणि तिथूनच हाक मारली, "क्रेसाऽ!"

ओ लगेच आली. उसातून नाही, पाटावरून नाही. अगदी घरामागून, मोरीजवळून, पळता पळता दिलेली, धापा टाकत. सहा वर्षांच्या पोरीची.

मार्थानं दाराची चौकट धरली. "हाच," ती म्हणाली. "हाच की तो. अहो, हाच तो आवाज." ती घरामागं धावत गेली. तिथं कुणी नव्हतं, कुणी असणारही नव्हतं, हे तिला माहीत होतं. परत आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. "न्हाई द्यायचं," ती म्हणाली. "सर, मला न्हाई द्यायचं नाव. निकिता, माफ कर मला पोरी. न्हाई द्यायचं मला."

निकितानं टोपडं मुठीत आवळलं. तिचा नवरा जीपचं इंजिन बंद करायला वाकला, आणि तिनं त्याचा हात धरला. फादर माझ्याकडे बघत होते, कारण चिटणीस मी. माझ्याकडे नियम नव्हता. एक नाव दोन वयांनी ओ देतं, असं कधी झालेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी त्या वेळी नियमाचा विचार करतच नव्हतो. मला वाटत होतं, मीही जर रेमेडियासाठी एक हाक शिल्लक ठेवली असती तर.

शांतवन फाटकातून आत आला. तो रडत होता, पण बोलला नीट.

"मार्था, तू वाढवलेली तू दे. ती मोठी झालीय, तिला जाऊ दे. माझी मी वाढवलीच न्हाई. माझी राहू दे घरी."

 मार्थानं निकिताकडे पाहिलं. मी घसा साफ केला आणि समितीचा निर्णय सांगितला: जी ओ हाका मारून वाढली ती बाळाकडे जाईल, जिला कुणी हाक मारली नव्हती तिच्यावर समितीचा अधिकार चालत नाही. फादरांनी मान डोलावली. बैठक एवढीच झाली.

मार्थानं निकिताच्या हातातलं टोपडं घेतलं, चुरगळलं होतं ते सारखं केलं आणि परत दिलं. "ने," ती म्हणाली. "पण तिच्यावर वरडू नको. हळू हाक मारली तरी ऐकती ती. चौदाव्या वर्षी तुटक बोलंल, मनावर घिऊ नको. पुन्हा नीट होती."

दवाखान्यात फादरांनी काचेच्या पेटीत दोन बोटं घालून पाणी लावलं आणि नाव उच्चारलं. बाहेरच्या व्हरांड्यातून एका बाईनं ओ दिली. नर्स म्हणाली, "आत कुणी येऊ नका हं," आणि दार लावून घेतलं. नंतर ओ आली नाही. पेटीतल्या पोरीनं हात उघडला आणि मिटला. सकाळी तिचं वजन उतरलेलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात चढायला लागलं.

आता ती रांगते आहे. निकिता दिवसभर तिला हाका मारते, आणि अख्ख्या गल्लीला ते नाव इतकं तोंडपाठ झालंय, की मोबाईलला कळवायला हरकत नाही. मार्थानं सुरुवातीला सवयीनं चहा ठेवताना हाक मारून पाहिली. ओ आली नाही. तिच्या हाकेला येणारी ओ निकिताच्या घरी गेलेली आहे. घरी जी आहे ती फक्त शांतवनला ओ देते. पण तिचा अर्थही तोच आहे, आणि हाक मारली की ती वाढणार, हे त्या दोघांना पक्कं माहीत आहे.

म्हणून शांतवन रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येतो, सायकल फाटकाला लावतो, चपला काढतो आणि श्वास घेऊन, हाक ओठांत धरून उभा राहतो. मार्था पायरीवर भाजी निवडत असते. काल मी ओट्यावर होतो. ती वर न बघता म्हणाली, "नको. झोपली असंल."

शांतवननं चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता आत गेला.